एक हात मोकळा

मिहिर, तन्वी,

बेल वाजवण्याआधी भिंतीवर टकटक करणाऱ्या एका माणसाला तुमची ही आजी दहा-अकरा वर्षं ओळखत होती. त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे. मराठीत लिहिते, कारण तुम्हाला मराठी कळतं, फक्त उत्तर इंग्रजीतून येतं, आणि या पत्राला लगेच उत्तर नकोच आहे. कुठे अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा, मात्र माझ्या दुपारच्या झोपेची वेळ सोडून.

आत्ताच लिहायला दोन कारणं झाली. मिहिरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि त्याने फोनवर विचारलं, आजी, तू कधी खराखुरा आर्किटेक्ट पाहिलायस का? मी म्हटलं, पाहिलाय, पण खराखुरा होता की नाही ते सांगायला वेळ लागेल. आणि गेल्या मंगळवारी फिलोमेनाचा वसईहून फोन आला. दोह्यातला आपला ओल्ड एअरपोर्ट भागातला व्हिला पाडला. तिच्या भाच्याने फोटो पाठवला आहे. फोटोत नुसती सपाट जागा आहे आणि कडेला एक एसीचा डबा पडलेला आहे. तेव्हा आता लिहून ठेवलेलं बरं.

आम्ही त्या व्हिलात राहायला गेलो तेव्हा तुमचा बाबा कॉलेजात होता, पुण्याला. वरचा मजला आमचा, खालचा फिलोमेनाचा. ती तिथल्या इस्पितळात नर्स होती. तुमचे आबा एका कन्सल्टन्सीत इंजिनिअर आणि मी इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची. पहिलाच जून. दोह्यातली जूनमधली दुपार तुम्ही पाहिलेली नाही. उजेड इतका पांढरा की सावल्याही आत निघून जातात. रस्त्यावर माणूस नाही, मांजर नाही. घरात फक्त एसीची घरघर.

अशा एका दुपारी मला टकटक ऐकू आली. तीनदा. दारावर नाही, भिंतीत.

मी दार उघडलं. बाहेर एक सडपातळ गृहस्थ, त्या उन्हात गळ्यात टाय, कानामागे पेन्सिल. भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभे. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मी माझ्याच दारात थांबले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा खुलला.

"आहे," ते म्हणाले.

"कोण आहे?"

"ते विचारायचं नसतं, वहिनी. आहे एवढं पुरतं." मग त्यांनी आमच्या दाराच्या उजव्या चौकटीला बोटं लावली, ती बोटं ओठांना लावली, आणि हात जोडले. "नमस्कार. मी रूबेन आवासकर. साहेबांच्याच ऑफिसात. हे घर मीच काढलंय. आडनावातच घर आहे आमच्या, काय करणार!"

काढलंय म्हणजे कागदावर. ते ड्राफ्ट्समन होते. मुंबईत डिप्लोमा केलेले. ऑफिसातले साहेब लोक वेस्ट बेचे टॉवर काढायचे आणि आवासकर त्यांतले जिने आणि बाथरूम. पण लहानसहान व्हिला त्यांच्याकडे सोपवलेले असत, ते अगदी पायापासून त्यांचे. आर्किटेक्ट म्हटलं की ते "छे छे" म्हणायचे आणि मान खाली घालून हसायचे. म्हणजे आवडायचं.

भिंतीवर टकटक मात्र ते सगळीकडे करायचे. सुपरमार्केट, विमा कंपनी, दातांचा दवाखाना. कान लावायचे आणि निकाल सांगायचे, "आहे" किंवा "नाही." एकदा आबांनी त्यांना वेस्ट बेमधल्या एका नव्या टॉवरखाली गाडीतून उतरवलं. आवासकरांनी त्या ग्रॅनाइटवर टकटक केली, बराच वेळ कान लावला. आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. परत येऊन ते गाडीत बसले आणि पट्टा लावत म्हणाले, "चाळीस मजले. कोणी नाही."

आबांनी हसत हसत ही गोष्ट मला सांगितली, पण त्यानंतर त्या टॉवरवरून जाताना ते रेडिओ बंद करायचे. का, ते मी विचारलं नाही.

रूबेन हे नाव ऐकून वसईची मंडळी त्यांना आपल्यातलेच समजायची आणि नाताळचा केक पाठवायची. ऑफिसातल्या केरळी लोकांना ते पारशी वाटायचे. आवासकर कोणालाच दुरुस्त करत नसत. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या चहाला त्यांनी सांगितलं, "आम्ही बेने इस्राएल, वहिनी. अलिबागकडचे ज्यू. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. घाण्याचं तेल काढायचो आणि शनिवारी घाणा बंद." मग आवाज थोडा खाली आणून, "इथे कशाला उगाच बोलायचं?" त्यांचे भाऊ-बहिणी सगळे इस्राएलला गेले होते. ते त्या देशाचं नाव घेत नसत. नुसतं "तिकडे" म्हणायचे. "तिकडून पत्र आलं, ठाण्यामार्गे."

दोह्यात तेव्हा शनिवार कामाचा दिवस होता. आवासकर शनिवारी ऑफिसात जायचे, टेबलाशी बसायचे, पण पेन्सिल उचलायचे नाहीत. सगळ्यांच्या ड्रॉइंगांकडे मागे हात बांधून बघत फिरायचे. "बघणं म्हणजे काम नव्हे," असं त्यांचं म्हणणं. साहेबाला वाटायचं, शनिवारी हा माणूस फार बारकाईने तपासणी करतो. एकदा त्याबद्दल त्यांना शाबासकीचं पत्रही मिळालं. पुढे सरकारने साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार केली तेव्हा आवासकर पेढे घेऊन आले. "अखेर माझं ऐकलं," म्हणाले.

त्या सुट्टीमुळे मग दर शनिवारी दुपारी ते आमच्याकडे यायला लागले. काखेत एक जाडजूड वही असायची.

त्या वहीत जगभरच्या इमारती होत्या. कात्रणं, पोस्टकार्डं, मासिकातली पानं. सगळ्या ज्यू आर्किटेक्टांनी बांधलेल्या. आवासकर पान उलटायचे आणि बोट ठेवायचे. "हे अमेरिकेतलं म्युझियम. हा आपला. ब्राझीलमधली ही कामगारांची घरं, हा आपला. तिकडची ही पांढरी घरं, सपाट गच्चीची, बघा, गोल बाल्कन्या. जर्मनीतून पळून आलेली पोरं होती, वहिनी, एकेक बॅग घेऊन आलेली. सगळे आपले." मेलबर्न, नैरोबी, बुडापेस्ट. मुंबईतल्या दोन-तीन इमारती तर मी रोज बघितलेल्या निघाल्या.

"इतके सगळे कसे हो बांधकामात?" मी विचारलं.

"आपला माणूस आधी घर बांधतो, मग सामान बांधतो," ते म्हणाले. "दोन्हीची सवय लागते."

आबा चिडवायचे. "रूबेन, ताजमहालही आपला का?"

"नाही, साहेब." आवासकर गंभीरपणे सांगायचे. "त्याचा तपास चालू आहे."

त्या वहीत एक गोष्ट मला खटकायची. एकाही फोटोत माणूस नव्हता. जिथे होता तिथे त्यांनी कात्रीने कापून काढला होता, आणि फार नीट कापला होता. दारासमोर माणसाच्या आकाराची भोकं. मी विचारलं तर म्हणाले, "माणसं गेल्यावर घर कसं उभं राहतं ते बघायचं असतं." आणि प्रत्येक इमारतीवर पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढलेला होता.

तो चौकोन काय, ते कळायला मला माझ्या हॉलमधल्या भिंतीबद्दल सांगावं लागेल.

आमच्या दारासमोरच्या भिंतीवर, बरोबर मध्ये, चौकोनी तुकडा उघडा होता. गिलावा नाही, रंग नाही. नुसते करडे सिमेंटचे ब्लॉक. वहीच्या पानाहून जरासा मोठा. राहायला गेल्या दिवशीच मी घरमालकांना तो दाखवला. वयस्कर, सभ्य गृहस्थ. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "बुक्रा." म्हणजे उद्या. "इन्शाल्ला," असंही म्हणाले. त्यानंतर तो उद्या काही आला नाही.

मी व्यवस्थित बाई. तुमच्या बाबाला विचारा, माझ्या मसाल्याच्या डब्यांवर तारखा असतात. मोडकं, तुटकं, अर्धवट काही मी घरात ठेवत नाही. त्यामुळे हे काम आवासकरांचंच हे कळलं तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं.

ते म्हणाले, "आमच्यात रीत आहे. यरुशलेमचं मंदिर पडलं, त्याची आठवण म्हणून घरात दारासमोर एक हात जागा मोकळी सोडायची. एक हात लांब, एक हात रुंद. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. पूर्ण झालेल्या घरात माणूस विसरतो."

"ते पडलं दोन हजार वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "त्याच्यासाठी माझ्या हॉलमध्ये पोपडे कशाला?"

"तुमच्याच नाही, वहिनी. अकरा घरांमध्ये ठेवलेत. साहेबांना माहीत नाही."

त्यांची अशी खात्री होती की वहीतल्या सगळ्या आर्किटेक्टांनी कुठे ना कुठे ही जागा सोडलेली असणार, अगदी काचेच्या टॉवरमध्येसुद्धा. ते त्या त्या इमारतीच्या व्यवस्थापकांना इंग्रजीत पत्रं लिहायचे आणि मी स्पेलिंग तपासून द्यायची. 'आपल्या प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर रंग नसलेली जागा आहे काय, कृपया कळवावे.' उत्तरं येत नसत. एकदाच आलं, नैरोबीच्या एका रखवालदाराचं, वहीच्या फाटक्या पानावर. त्याने लिहिलं होतं, तशी जागा ठेवलेली नाही, पण एका ठिकाणी रंग टिकत नाही, आम्ही आता लावणं सोडून दिलं आहे.

ते पत्र आवासकरांनी प्लास्टिकमध्ये घालून वहीच्या पहिल्या पानावर लावलं. मला मात्र ते वाचल्यावर दिवसभर आपल्या भिंतीकडे बघवेना.

आणखी एक होतं. आवासकरांच्या शर्टाच्या खिशात सुतळीचा एक तुकडा असायचा. दोन्ही टोकांना गाठी. दर शनिवारी मी चहा करायला आत गेले की ते तो काढून त्या उघड्या चौकोनाला लावून बघायचे, एकेक कड. ओठ हलत असायचे. फिलोमेनाने हे एकदा पाहिलं आणि मला जिन्यात गाठलं.

"सुमनताई, तो माणूस करणी करतो."

"काहीतरीच काय!"

"मग गाठी मारलेली दोरी कशाला? ऐका माझं, मी लुर्दच्या चर्चचं पवित्र पाणी आणून देते. कोपऱ्याकोपऱ्यात शिंपडा. तुमच्या देवांना चालेल, मी विचारलंय."

"कोणाला विचारलंस?"

"आबांना."

मी हसले, पण त्या शनिवारी चहाचं पातेलं गॅसवर ठेवून दाराआडून ऐकलं. हिब्रू वगैरे काही नव्हतं. स्वच्छ मराठी होतं. आवासकर भिंतीला म्हणत होते, "आज उशीर झाला ग. जागी आहेस ना?"

चहा उतू गेला. माझ्या घरात चहा उतू गेल्याची ती एकच वेळ.

वर्षातून एकदा, थंडीत, ते स्वतः केलेला मलिदा आणायचे. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडे. एक ताट आम्हाला, एक फिलोमेनाला. करणी असली तरी मलिदा ती पूर्ण खायची. कशाचा, असं विचारलं की आवासकर म्हणायचे, "खा हो. आज गोड खायचं असतं."

मग तुमच्या बाबाचं लग्न ठरलं. तुमची दुसरी आजी आणि आजोबा दोह्याला घर बघायला यायचे होते. व्याही दारातून आत येणार आणि समोर काय बघणार, तर उघडे ब्लॉक! मी ठरवलं, आता बास. आबांच्या साइटवर दत्तू नावाचा गवंडी होता, आटपाडीकडचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याला बोलावलं.

दत्तूने ब्रशने ब्लॉक झाडले आणि थबकला. "वैनी, हितं पेन्सिलीनं काय तरी लिवलंय. 'एक हात.' म्हंजी रंगाचा एकच हात मारायचा म्हनत्यात का?"

"तू दोन हात मार," मी म्हटलं.

त्याने गिलावा केला. दुपारी आवासकर नेहमीसारखे चहाला येऊन गेले. संध्याकाळी बघते तर गिलावा खाली पडलेला. पुढच्या शनिवारी पुन्हा केला, पुन्हा पडला. दोन्ही वेळा शनिवार होता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यात आवासकर महिन्याच्या रजेवर अलिबागला गेले. निघायच्या आधी आमच्याकडे आले होते. आबांनी खालून गाडीचा हॉर्न वाजवला, विमानाची वेळ झालेली, ते धावत उतरले. दुसऱ्या दिवशी आवरताना टीपॉयवर मला सुतळीचा तुकडा मिळाला. मोडकं, तुटकं, अर्धवट. मी त्याने कचऱ्याची पिशवी बांधली आणि खाली ठेवून आले.

हे मी तुम्हाला जसं झालं तसं सांगते आहे. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. व्याही यायचे होते.

दत्तूने तिसऱ्यांदा गिलावा केला. तो दिवसभर टिकला. दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आले तेव्हा दोन वाजले होते. घर बंद होतं, किल्ली माझ्याकडे, आबा साइटवर. दार उघडलं तर गिलावा खाली होता, पण आधीसारखा विखुरलेला नाही, नीट एका ढिगात. चौकोनाच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. आणि वरच्या बाजूला, ओल्या ब्लॉकवर, वाटाण्याएवढे गोल ठसे. मी चष्मा पुसून मोजले. पाच होते.

दत्तूला मी ते ठसे दाखवले नाहीत. ओल वाळल्यावर ते दिसेनासे झाले. मी त्याला फक्त म्हटलं, "जाळी ठोक आणि पक्कं कर." त्याने लोखंडी जाळी ठोकली, वरून सिमेंट चढवलं, रंग दिला. भिंत अशी गुळगुळीत झाली की मी तिच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेले. या वेळी ते टिकलं.

व्याही गुरुवारी यायचे होते. बुधवारी दुपारी धुळीचं वादळ उठलं. खिडक्यांबाहेर सगळं नारिंगी. बेल वाजली. टकटक नाही, नुसती बेल, त्यामुळे आवासकर असतील हे माझ्या मनातही आलं नाही.

महिन्याची रजा टाकून ते आठव्या दिवशी परतले होते. केसांत, भुवयांत रेती. "वहिनी," ते म्हणाले, "माझी दोरी."

"कसली दोरी?" मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला ती पिशवी आठवली.

मी सांगितलं. ते मान हलवत राहिले, जणू मी पत्ता सांगते आहे. मग म्हणाले, "असू दे. भिंत आहे ना. भिंतीवरून पुन्हा माप घेऊ." आणि आत येऊन वळले.

मी मुलांच्या परीक्षेत पर्यवेक्षण केलेलं आहे, इस्पितळात माणसं बघितली आहेत. पण एखाद्याचा चेहरा असा रिकामा होताना मी पाहिला नव्हता. ते त्या गुळगुळीत भिंतीपाशी गेले. तीनदा टकटक केली, कान लावला. वारा बाहेर रेती आपटत होता.

"नाही," ते म्हणाले. आमच्या घरात पहिल्यांदाच.

मग खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. दोह्याच्या आधी, तरुणपणी, ते दुसऱ्या एका आखाती देशात नोकरीला निघाले होते. त्यांना एक मुलगी होती, मिरियम. मिरू म्हणायचे. चार वर्षांची. निघायच्या दिवशी ती ड्रॉइंगबोर्डाशी आली. तिला ते सांगत होते, घरात एक हात जागा सोडायची असते. तिने विचारलं, कोणाचा हात? आणि उत्तराची वाट न बघता आपला हात कागदावर ठेवला. माझा घेऊन जा, म्हणाली. त्यांनी गंमत म्हणून सुतळीने माप घेतलं, कोपरापासून बोटापर्यंत, आणि दोन गाठी मारल्या.

पाच महिन्यांनी मिरू तापाने गेली. पासपोर्ट कंपनीकडे होता. मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. बायकोने त्यांच्याशी बोलणं सोडलं आणि पुढे ती तिच्या भावाबरोबर तिकडे गेली. फोटो तिने नेले.

"आपण बांधलेल्या घरात ती असते, असं काही मी म्हणत नाही," आवासकर म्हणाले. "पण जागा सोडलेली बरी. दहा घरं पाडली, वहिनी. नवं दोहा करतायत. ही शेवटची भिंत आहे. आता तो हात केवढा होता ते मला माहीत नाही."

मी साइटवर फोन केला आणि आबांना म्हटलं, दत्तूला घेऊन या, आत्ता.

दत्तूने डोकं खाजवलं. "वैनी, उद्या पावनं यायचेत नव्हं? आनि जाळी ठोकलीया मी. काढताना चारी कडा फुटत्याल."

"एक अख्खी कड मिळाली तरी पुरे," आबा म्हणाले. "यल्ला, चल, कर सुरू."

छिन्नीचा पहिला घाव बसला तसे आवासकर उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. वरची कड जाळीबरोबर निघाली, ढेपळासारखी. डावी निघाली. उजवीचा अर्धा भाग दत्तूच्या हातात आला आणि तो "खलास, वैनी" असं पुटपुटला. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. मग त्याने खालची जाळी धरली आणि ती सहज सुटून आली.

"हितं खिळाच शिरला न्हवता," तो हळूच म्हणाला. "चार खिळं वाकलं माझं. मी नुसतीच टेकवून ठिवली व्हती. तुमास्नी बोललो न्हाई."

खालची कड अख्खी होती. दोन्ही कोपऱ्यांसकट, सुरीने कापल्यासारखी.

आवासकर वळले नाहीत. "वहिनी, तुम्ही व्यवस्थित आहात," ते म्हणाले. "तुम्ही मोजा."

माझ्या घरात सुतळी नव्हती. अर्धवट वस्तू मी ठेवत नाही ना! कपाटातून नवा परकर काढला आणि त्याची नाडी ओढून घेतली. दत्तूने लाजून दुसरीकडे बघितलं. मी नाडी त्या कडेला लावली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, दोन गाठी मारल्या, कापली. मग का कोण जाणे, उरलेल्या नाडीचंही तेवढंच माप घेतलं.

आवासकरांनी तुकडा घेतला आणि स्वतःच्या हातावर ठेवला, कोपरापासून. जेमतेम मनगटापर्यंत आला. "हो," ते म्हणाले. "इथपर्यंतच यायचा."

चहा घेताना मी त्यांना विचारलं, "तो गिलावा पाडणं तुमचं काम ना?"

"पहिल्यांदा माझं. तुम्ही चहा करायला गेलात, ओला होता, अंगठ्याने निघाला. दुसऱ्यांदाही मीच."

"शनिवारी? तुम्ही तर पेन्सिलही उचलत नाही!"

"पाप लागलं असेल," ते म्हणाले. "लागू दे."

"आणि तिसऱ्यांदा?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तिसऱ्यांदा मी अलिबागला होतो, वहिनी."

निघताना त्यांनी भिंतीवर टकटक केली, पण कान लावला नाही. मला खूण केली. मी, इंग्रजीची शिक्षिका, तारखा लावलेल्या डब्यांची बाई, त्या उघड्या ब्लॉकला कान लावून उभी राहिले. आबा आणि दत्तू बघत होते. वादळ ओसरत आलं होतं, एसी चालू होता. मी बराच वेळ ऐकलं.

"आहे," मी म्हटलं.

काय ऐकलं ते मी आबांनाही कधी सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही. खोटं बोलले नाही, एवढंच लिहिते.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. तुमच्या दुसऱ्या आजीने आत येताच विचारलं, "अगबाई, हे काय?" मी सांगितलं, ती एक हात जागा आहे, तिच्यासमोर खुर्ची ठेवायची नाही. त्या बिचाऱ्या पूर्ण चार दिवस भिंतीला वळसा घालून चालल्या. लग्न मोडलं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आवासकर पुढे दोन-तीन वर्षांनी नोकरी सोडून अलिबागला गेले आणि तिथेच वारले. वही त्यांच्या पुतण्याने तिकडे नेली. अकरावं घर, म्हणजे आपलं, गेल्या मंगळवारी कळलं की पाडलं. त्यांच्या हातचं दोह्यात आता काहीही उरलेलं नाही.

मी कापलेला नाडीचा दुसरा तुकडा साडेदहा इंचांचा आहे. मिहिर, तू पहिलं घर काढशील तेव्हा माग. माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात, डाव्या बाजूला, पाकिटात घालून वर नाव लिहून ठेवलेला आहे.